परदेशी मालमत्ता : चोर सोडून संन्याशाला फाशी

परदेशातील काळ्या पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक संतापाची आणि दुसरी थट्टेची. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी हा पैसा परत आणण्याच्या घोषणांनी देशभरच्या सभा गाजल्या. निवडणुकीनंतर, प्रत्येकाच्या खात्यात पंधरा लाख रुपये कधी जमा होणार, या विनोदावर विरोधी पक्षांच्या वक्त्यांनी वर्षानुवर्षे टाळ्या घेतल्या. त्यांत आपलेही वक्ते होते. आता तो संताप ओसरला आहे आणि थट्टाही शिळी झाली आहे. मूळ प्रश्न मात्र होता तेथेच आहे. या देशातील श्रमातून निर्माण झालेली संपत्ती देशाबाहेर नेमकी कोणाच्या मालकीची आहे, ती शोधून काढण्याची शासनाला खरोखर इच्छा आहे काय, आणि त्यासाठी जे यंत्र उभारले गेले त्याच्या दातांत प्रत्यक्षात कोण सापडते, हा तो प्रश्न होय. करविषयक कायदे हा हिशेबनीसांचा विषय आहे अशी समजूत करून घेऊन आपण समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याकडे आजवर पाठ फिरवली. या उपेक्षेची किंमत कोण मोजतो आहे ते पाहण्याची वेळ आली आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. परदेशातील अघोषित उत्पन्न आणि मालमत्ता यांसंबंधीचा स्वतंत्र कायदा संसदेने २०१५ च्या मे महिन्यात संमत केला. वरकरणी हा कायदा अतिशय कठोर आहे. परदेशात दडवलेल्या मालमत्तेच्या मूल्यावर तीस टक्के कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड, म्हणजे शंभर रुपयांच्या मालमत्तेवर एकशेवीस रुपयांचे देणे, अशी त्यात तरतूद केली गेली. हेतुपुरस्सर करचुकवेगिरी केल्यास तीन ते दहा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा ठेवली गेली. याखेरीज प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा जो तक्ता २०१२ पासून जोडण्यात आला आहे, तो भरला नाही किंवा चुकीचा भरला तर दहा लाख रुपयांच्या घसघशीत दंडाची सोय झाली. हा दंड कर बुडाला म्हणून नव्हे, तर नोंद केली नाही एवढ्याचसाठी आहे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

कायदा पूर्ण ताकदीने लागू होण्यापूर्वी सरकारने १ जुलै ते ३० सप्टेंबर २०१५ अशी तीन महिन्यांची मुदत दिली. त्या मुदतीत पुढे येणाऱ्याने तीस टक्के कर आणि तेवढाच दंड भरावा, त्याच्यावर या कायद्याखाली खटला होणार नाही, असा तो करार होता. सव्वाशे कोटींच्या देशातून पुढे आले केवळ ६४८ जण. त्यांनी जाहीर केलेली मालमत्ता ४,१६४ कोटी रुपयांची होती आणि सरकारी तिजोरीत जमा झाले २,४७६ कोटी रुपये. ज्यांनी सभांतून लाखो कोटींचे आकडे फेकले होते त्यांना या संख्येचा जाब कोणी विचारला नाही. आपणही विचारला नाही, कारण पंधरा लाखांचा विनोद अधिक सोपा होता.

त्यानंतरच्या दहा वर्षांचा हिशेबही सरकारनेच संसदेत दिला आहे. ३१ मार्च २०२५ पर्यंत या कायद्याखाली १,०२१ प्रकरणांत आकारणी पूर्ण झाली, ३५,१०५ कोटी रुपयांहून अधिक मागणी काढण्यात आली आणि १६३ खटले दाखल झाले. आकडे भारदस्त वाटतात. परंतु मागणी काढणे आणि वसूल करणे यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. पनामा आणि पॅरडाइज या नावांनी २०१६ आणि २०१७ मध्ये गाजलेल्या कागदपत्रांचे उदाहरण घ्या. त्यांतून भारताशी संबंधित ९३० व्यक्ती व संस्थांच्या बाबतीत २०,३५३ कोटी रुपयांच्या अघोषित जमा रकमा उघडकीस आल्याचे सरकारने २०२१ मध्ये सांगितले. तीस टक्क्यांच्या सरळ हिशेबाने त्यावरचा करच सहा हजार कोटींच्या वर जातो, दंड निराळा. त्या वेळपर्यंत प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम मात्र दीडशे कोटींच्या आसपास होती. अपिले चालू असतात, कागदपत्रे परदेशातून यावी लागतात, वकिलांच्या फौजा उभ्या राहतात, हे सर्व मान्य. पण बँकेचे दहा हजारांचे पीककर्ज थकल्यावर ज्या शेतकऱ्याच्या दारात जप्तीचा कागद लागतो त्याने हा संयम कोठे पाहिला आहे?

आता या यंत्राच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांतून आणि गोव्यातून तीन पिढ्या माणसे आखातात कामाला जात आहेत. असा एक माणूस डोळ्यांपुढे आणा. ऐन विशीत तो कुवेतला गेला, वाहनचालक म्हणून किंवा गोदामात पंचवीस-तीस वर्षे राबला आणि पन्नाशी उलटल्यावर गावी परतला. सेवासमाप्तीच्या वेळी मिळालेली रक्कम तेथील बँकेतच राहिली. मुलगा अजून तिकडेच आहे, कधी गरज पडेल म्हणून त्याने खाते बंद केले नाही. परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे कायदा त्याला पूर्णार्थाने निवासी मानत नाही आणि तोवर त्याला या तक्त्यातून सूट असते. ती वर्षे सरली की एका एप्रिलच्या पहाटे, त्याला कळतही नाही अशा रीतीने, तो सामान्य निवासी बनतो आणि ते जुने खाते 'परदेशी मालमत्ता' ठरते. त्याने गावातल्या कर सल्लागाराकडून विवरणपत्र भरून घेतले, पण त्या सल्लागाराने परदेशी तक्त्याचे पान कधी उघडलेले नसते. भरीस भर म्हणजे आपले करवर्ष मार्चअखेर संपते आणि या तक्त्यातील माहिती मात्र डिसेंबरअखेरच्या कॅलेंडर वर्षाची द्यावी लागते. तक्ता कोरा राहतो.

या माणसाने कोणाचा कर बुडवला? पैसा घामाचा आहे, तो परदेशात कमावला आहे आणि कमावला तेव्हा तो भारतात करपात्रही नव्हता. तरीही मूळ कायद्याप्रमाणे खात्यातील शिल्लक वर्षात कधीही पाच लाखांवर गेली असेल तर दहा लाखांच्या दंडाची टांगती तलवार त्याच्यावर होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन वगळता एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून वगळण्यात आले. ही सुधारणा योग्य होती, पण ती यायला नऊ वर्षे लागली. पुण्याच्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आणि परदेशी मालककंपनीचे काही भाग पगाराचा हिस्सा म्हणून मिळालेल्या अभियंत्याचीही गत अशीच आहे. त्या भागांवरचा कर पगारातून आधीच कापलेला असतो. तक्ता भरायचा राहिला म्हणून नोटीस येते. मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापुढे अशी प्रकरणे गेली, तेव्हा काहींत दंड रद्द झाला आणि काहींत कायम राहिला. कायदा एक, चूक साधारण एकसारखी आणि निवाडे निरनिराळे, अशा स्थितीत सामान्य माणसाच्या मनात कायद्याविषयी आदर नव्हे, तर नुसती धास्ती निर्माण होते.

मग खात्यांची माहिती सरकारला मिळते कोठून? २०१७ पासून शंभराहून अधिक देश आपसांत बँक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप देऊ लागले आहेत. अमेरिकेशी आपला निराळा करार २०१५ मध्ये झाला. १९३४ च्या कायद्याने बँकेतील गुप्तता फोडणे हाच गुन्हा ठरवणाऱ्या स्वित्झर्लंडनेही २०१९ पासून भारताला अशी माहिती द्यायला प्रारंभ केला. ही व्यवस्था लहानसहान नव्हे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. याच माहितीच्या आधारे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२४ च्या अखेरीस खातेदारांना संदेश पाठवून तक्ते दुरुस्त करण्याचे आवाहन केले. तेव्हा २४,६७८ करदात्यांनी आपली विवरणपत्रे तपासून दुरुस्त केली आणि २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता नोंदवली गेली. २०१५ च्या तीन महिन्यांत धाक दाखवून जेवढे उघड झाले, त्याच्या सातपट रक्कम साध्या स्मरणपत्राने नोंदीत आली! पुष्कळांनी लपवले नव्हते, त्यांना ठाऊक नव्हते, असाच याचा सरळ अर्थ आहे.

परंतु या व्यवस्थेची मर्यादा ओळखली पाहिजे. ज्याचे खाते स्वतःच्या नावावर आहे त्याची माहिती तीतून बिनचूक येते. कुवेतहून परतलेल्या वाहनचालकाचे खाते त्याच्याच नावावर असते. दुसरे नाव वापरण्याची कला त्याला अवगत नसते. ज्याला खरोखर लपवायचे आहे तो असा उघड्यावर बसत नाही. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर एक कंपनी, तिचे भाग एका न्यासाच्या हाती, न्यासाचे विश्वस्त तिसऱ्या देशातले आणि लाभार्थी म्हणून कोणा नातलगाचे नाव, असे पदर एकावर एक चढवले जातात. शिवाय ही देवघेव बँक खात्यांची आहे. परदेशातील बंगले, सदनिका, सोने, चित्रे तिच्या कक्षेत मुळातच धरली गेली नव्हती. म्हणून पैसा खात्यांतून निघून विटांमध्ये शिरला. दुबईतील स्थावर मालमत्तेची गळतीतून बाहेर आलेली माहिती २०२४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली, तेव्हा परदेशी मालकांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक असल्याचे दिसून आले. त्यांतील प्रत्येक जण चोर आहे असे कोणी म्हणणार नाही. पण कोण चोर आणि कोण साव हे सांगू शकेल अशी नोंद आपल्या शासनापाशी नाही, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल.

शासनापाशी नोंद नाही, हे शासनाच्याच अहवालांतून सिद्ध होते. काळ्या पैशाचा अंदाज बांधण्यासाठी २०११ मध्ये तीन राष्ट्रीय संस्थांना काम देण्यात आले आणि त्यांचे निष्कर्ष संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०१९ मध्ये पुढे मांडले. एका संस्थेच्या मते १९८० ते २०१० या काळात बाहेर गेलेली संपत्ती ३८४ ते ४९० अब्ज डॉलर. दुसरीच्या मते १९९० ते २००८ मधील आकडा २१६ अब्ज डॉलर. तिसरीच्या मते राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२ टक्क्यापासून ७.४ टक्क्यांपर्यंत काहीही. ज्या मोजणीत किमान आणि कमाल यांत सदतीसपट अंतर पडते ती मोजणी नव्हे, तो अंधारातला चाचपडा आहे. दोष त्या अभ्यासकांचा नाही. मालकीची नोंद नसताना कोणीही यापेक्षा अधिक काय सांगणार?

आणि नोंद का नाही? येथे थोडा इतिहास आठवला पाहिजे. १९५६ मध्ये केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी भारताच्या करपद्धतीवर अहवाल दिला. त्यांच्या मांडणीतील मर्म आजही शिकण्यासारखे आहे. केवळ उत्पन्नावर कर लावला तर धनिक ते लपवतो. म्हणून उत्पन्न, भांडवली लाभ, संपत्ती, खर्च आणि देणगी या सर्वांवर बेताचे कर लावा आणि ते सर्व एकाच विवरणपत्रात मागा. म्हणजे एका ठिकाणी लपवलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप उघडे पडेल. उत्पन्न दडवले तर वाढलेली संपत्ती साक्ष देईल, संपत्ती दडवली तर खर्च बोलेल. हे कर एकमेकांवर पहारा करणार होते. त्याचबरोबर उत्पन्नावरील कराचा कमाल दर ४५ टक्क्यांवर ठेवावा असेही त्यांनी सुचवले होते. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृत्युकर आधीच आला होता. १९५७ मध्ये संपत्तीकर आणि व्ययकर आले, १९५८ मध्ये देणगीकर आला.

पुढे काय झाले? पहारेकरी एकेक करून घरी पाठवले गेले. व्ययकर १९६२ मध्ये गेला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. मृत्युकर १९८५ मध्ये, त्यातून जेमतेम वीस कोटी येतात आणि वसुलीचा खर्च जड जातो, या कारणासाठी रद्द झाला. देणगीकर १९९८ मध्ये संपला. आणि २०१५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी परदेशातील संपत्तीची पैन् पै सांगा असा दम भरणारा कायदा आला त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात, देशातील संपत्तीवरचा कर रद्द करण्यात आला! मोठ्या उत्पन्नाच्या लोकांनी मालमत्तेचा एक तक्ता विवरणपत्रात भरावा अशी सोय मागाहून झाली हे खरे. पण त्यात मालमत्ता खरेदीच्या जुन्या किमतीने लिहायची असते आणि तीवर कर नसल्यामुळे तिची शहानिशा करण्याची निकड कोणालाच वाटत नाही. हे कर थोडा पैसा देत होते म्हणून रद्द झाले. पण चौकीदाराची किंमत तो स्वतः किती कमावतो यावर ठरवायची, की त्याच्या असण्याने किती चोऱ्या टळतात यावर?

येथे आपल्याही चुकीची कबुली दिली पाहिजे. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी प्राप्तिकराचा कमाल दर ९७.७५ टक्के होता आणि डाव्या वर्तुळांत त्याचा अभिमान बाळगला जाई. माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ मध्ये सांगितले की असा दर हेच करचुकवेगिरीचे एक मोठे कारण आहे, तो ७५ टक्क्यांवर आणा. आपण त्या शिफारशीकडे संशयाने पाहिले. कागदावरील दर उंच आणि प्रत्यक्ष वसुली ठेंगणी, या अवस्थेत श्रीमंतांचे काहीच बिघडत नव्हते. आपल्याला मात्र समता आल्याचा भास होत होता. कायद्यातील शिक्षेच्या वर्षांनी आणि दंडाच्या पटींनी समाधान मानण्याची ही सवय आपण अजून सोडलेली नाही. २०१५ च्या कायद्यातील एकशेवीस टक्के हा त्याच जातीचा आकडा आहे.

या दिखाऊ कठोरपणाच्या जोडीला अभयदानाची परंपरा अखंड चालत आली. १९५१, १९६५, १९७५, १९९७, २०१६ अशी स्वेच्छा प्रकटीकरणाची यादी सांगता येईल. १९८१ मध्ये तर वाहक रोखे काढण्यात आले. दहा हजारांचा रोखा घ्या, दहा वर्षांनी बारा हजार न्या, पैसा कोठून आला हे कोणी विचारणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा वैध ठरवला; न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. १९९७ च्या योजनेत सोन्याचे मूल्य १९८७ च्या भावाने धरण्याची मुभा होती, म्हणजे तीस टक्के हा दरदेखील नावापुरताच राहिला. प्रत्येक योजनेच्या वेळी 'ही शेवटची संधी' असे सांगण्यात आले. ज्याला ठाऊक आहे की दर दहा-पंधरा वर्षांनी शेवटची संधी पुन्हा येते, तो पहिल्या संधीला कशाला पुढे येईल? ज्याचा कर पगाराआधीच कापला जातो त्या कामगाराला, शिक्षकाला, कारकुनाला मात्र अशी संधी आयुष्यात एकदाही मिळत नाही.

अभयाचा आणखी एक, अधिक सुसंस्कृत प्रकार आहे. तो म्हणजे करारांचा. १९८२ मध्ये मॉरिशसशी झालेल्या करारानुसार तेथील रहिवासी कंपनीने भारतातील शेअर विकून केलेला नफा फक्त मॉरिशसमध्ये करपात्र होता आणि मॉरिशस त्यावर कर लावीत नव्हते. पोर्ट लुईसमध्ये एक पत्ता घेतला की काम भागे. भारतीयांचाच पैसा त्या वाटेने फिरून परदेशी गुंतवणूक म्हणून मायदेशी येतो, असा आक्षेप घेऊन आझादी बचाओ आंदोलनाने न्यायालयात लढा दिला. दिल्ली उच्च न्यायालयात २००२ मध्ये विजय मिळाला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि तेथील रहिवासाचा दाखला पुरेसा ठरवणारे सरकारी परिपत्रक मान्य केले. अखेर २०१६ मध्ये करार बदलला आणि एप्रिल २०१७ पासून हा नफा भारतात करपात्र झाला. ज्या मूठभर कार्यकर्त्यांनी हा किचकट विषय पंधरा वर्षे आधी हाती घेतला, त्यांना आपल्या पक्षाने किती साथ दिली, हे आपण स्वतःला विचारावे.

तपासयंत्रणांविषयी बोलताना आपल्याला दुहेरी भूमिका घ्यावी लागेल आणि ती घेताना संकोच करण्याचे कारण नाही. मोठ्या करबुडव्यांचा तपास हवाच. पण आणीबाणी पाहिलेल्या चळवळीला हेही कळले पाहिजे की आर्थिक गुन्ह्यांचे कायदे राजकीय विरोधकांविरुद्ध सर्वांत सहज वापरता येतात. सक्तवसुली संचालनालयाने दहा वर्षांत आजी-माजी लोकप्रतिनिधी व राजकीय व्यक्तींवर १९३ प्रकरणे नोंदवली आणि दोषसिद्धी झाली दोनच प्रकरणांत, असे सरकारनेच २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले. दुसरीकडे पुण्यातील एका घोडे-व्यावसायिकाचे प्रकरण आठवा. २००७ मध्ये त्याच्या घरी छापे पडले, स्विस बँकेत आठ अब्ज डॉलर असल्याचे कागद सापडल्याचा गवगवा झाला, हजारो कोटींची करमागणी काढली गेली. पुढे स्वित्झर्लंडमधून ते कागदच खोटे असल्याचे कळवण्यात आले. एवढा गाजावाजा होऊन तिजोरीत काय पडले? गाजावाजा होतो तेथे तपास नसतो आणि जेथे खरा तपास चालायला हवा, म्हणजे आयात-निर्यातीची फुगवलेली बिले, न्यासांचे दस्तऐवज, लेखापरीक्षकांचे कागद, तेथे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार जात नाहीत. इंडोनेशियातील कोळशाची किंमत कागदोपत्री फुगवून फरक परदेशात ठेवला जात असल्याच्या संशयावरून महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने २०१६ मध्ये अनेक कंपन्यांची चौकशी मांडली होती. कोळशाची वाढीव किंमत विजेच्या दरातून वसूल होते हे ध्यानी घेतले, म्हणजे हा प्रश्न झोपडीतल्या दिव्यापर्यंत कसा पोचतो ते समजेल.

दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला तेव्हा तो परक्या राज्यकर्त्यांविरुद्ध होता. त्यांच्या मांडणीचे सामर्थ्य संतापात नव्हते, आकड्यांत होते. ब्रिटिश सरकारच्याच अहवालांतून त्यांनी ते वेचून काढले होते. आज वाहून नेणारे आपलेच आहेत आणि आकडेही आपल्याच संसदेच्या दप्तरात पडून आहेत. ते वेचून लोकांपुढे ठेवण्याची चिकाटी तेवढी उणी आहे.

तेव्हा मागणी काय असावी? माझ्या मते शिक्षा आणखी वाढवा ही मागणी आपण सोडून द्यावी. मालकी उघड करा, ही आपली मागणी असावी. कंपनीत दहा टक्के वा अधिक लाभ असलेल्या खऱ्या मालकाची नोंद करण्याचा नियम आपल्याकडे झाला आहे. तो न्यासांना आणि जमिनींना लागू करावा, आणि ती नोंद कोणाही नागरिकाला विनामूल्य पाहता यावी. १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा नियमांअभावी अठ्ठावीस वर्षे कपाटात पडून होता, हे विसरता येणार नाही. म्हणून प्रत्येक कायद्याबरोबर अंमलबजावणीचा वार्षिक हिशेब संसदेपुढे ठेवण्याचे बंधन हवे. त्यात मागणी किती, वसुली किती, आणि दंड झालेल्यांत लहान किती व मोठे किती, हे स्वतंत्रपणे सांगितलेले असावे. मोठ्या संपत्तीवर आणि मोठ्या वारशावर, मध्यमवर्गाच्या घरादाराला धक्का लागणार नाही एवढी उंच मर्यादा ठेवून, कर पुन्हा आणावा. त्याचे उत्पन्न हा दुय्यम लाभ. संपत्तीची नोंद पुन्हा सुरू होते हा मुख्य लाभ. अभय योजना यापुढे नकोत. आणि ज्याच्या खात्यातला पैसा स्वकष्टाचा व करमुक्त आहे अशा लहान माणसाला चूक दुरुस्त करण्याची वाट कायम मोकळी असावी, तिला मेहेरबानीचे रूप असू नये. संयुक्त राष्ट्रांत करसहकार्याच्या जागतिक करारनाम्याची रूपरेषा डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. श्रीमंत देशांच्या मंडळाबाहेर, सर्व देशांच्या समान मताने करनियम ठरावेत हा आफ्रिकी देशांचा आग्रह त्यामागे आहे. भारताने तेथे त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे, यासाठीही आवाज उठवला पाहिजे.

कार्यकर्त्यांना एक सूचना करून थांबतो. कोकणातील आणि गोव्यातील आपल्या शाखांनी आखातातून परतलेल्या लोकांसाठी जून-जुलैमध्ये, विवरणपत्रांच्या मोसमात, एखाद्या जाणत्या करसल्लागाराला बोलावून दोन दिवसांचे मार्गदर्शन ठेवावे. त्या तक्त्याचे मराठीतून स्पष्टीकरण छापून वाटावे. ज्या माणसाला आपण दहा लाखांच्या भीतीतून सोडवू, तोच माणूस मोठ्यांना कोणती सवलत मिळते हे ऐकायला थांबेल आणि त्याला ते पटेलही. त्याच्या घामाच्या पैशाची नोंद ज्या काटेकोरपणे मागितली जाते, त्याच काटेकोरपणाने बेटांवरच्या कंपन्यांच्या मालकांची नोंद मागितली गेली पाहिजे, ही आपली भूमिका त्याला समजावून सांगायला मग लांब व्याख्यानाची गरज उरणार नाही.